टॉर्च धरणारी

नेरूळहून डेंटल कॉलेजची गाडी आली.
तुर्भे स्टोअरच्या शाळेत, चौथी ब च्या वर्गात
बाकं भिंतीला लावली, आणि मला म्हणाले,
मावशी, तुम्ही फक्त टॉर्च धरा.

धरला.
अकरा वर्षं इथं घंटा देते, खिचडी वाढते.
पोरांच्या उवा पाहिल्यात, खरजेले हात पाहिलेत,
तोंडात मात्र पहिल्यांदाच डोकावले.
आत खाण होती.
मागच्या डोंगराची करून ठेवलीय ना, तशीच,
कडेनं काळी, मधे खड्डा.

डॉक्टरीण नवीन. हातमोज्यात बोटं थरथरत होती.
दातांचे आकडे झाले, मग कागदावरचे प्रश्न.

दुर्गव्वा धोत्रे, वय आठ.
दातामुळे झोपमोड होते का?
"नाही. टँकर चारलाच येतो, मी जागीच असते."
खाताना त्रास?
"नाही. मी चावतच नाही."
शाळा बुडते?
"दुखलं की शाळेतच येते. घरी कोण असतंय?"
तिन्ही खुणा 'नाही'च्या चौकटीत पडल्या.
काहीतरी चुकतंय असं वाटलं,
पण मी कोण, टॉर्चवाली.

हसायला लाज वाटते का?
यावर ती गप्प.
माझ्याकडे बघितलं तिनं,
आणि तळहात तोंडावर ठेवला.
माझाही पदर तोंडावर होता.
पुढचे चार नाहीत मला,
दुसऱ्या बाळंतपणापासून एकेक गेले.
अकरा वर्षं पोरी मला अशीच हसताना बघतात.

आई आली तिची, क्रशरची धूळ भुवयांवर घेऊन.
गोड फार देता का, डॉक्टरणीनं विचारलं.
"बाटलीत चहा घालून झोळीत ठेवायची.
रडली तर मुकादम हाकलतोय.
पाच रुपयाच्या पुड्यात पोर अर्धा दिस गप्प बसतंय,
दुसरं काय येतंय, बाई, पाचात?"
ब्रश?
"हाय की. एक हाय."
घरात किती जण, हे डॉक्टरणीनं विचारलं नाही.
पेन नुसतं उघडमिट करत राहिली.

मग चिठ्ठी. वाशीचं हॉस्पिटल, मंगळवारी, सकाळी नऊ.
मंगळवार म्हणजे एक हजेरी, शिवाय बसचे पैसे.
आईनं चिठ्ठी चारदा घडी करून कमरेला खोचली.
तिथं आणखी कसल्या कसल्या चिठ्ठ्या होत्या.

जाताना पोरांना पेस्ट वाटली,
बोटाएवढी ट्यूब, स्ट्रॉबेरीची.
सुट्टी व्हायच्या आत पोरांनी ती खाऊन संपवली.
दुर्गव्वानं जीभ काढून दाखवली मला,
गुलाबी,
आणि हसली, हात न लावता,
खाणीसकट.

गाडी गेल्यावर बघते तर टॉर्च माझ्याच हातात.
चालूच.

मंगळवारची अर्धी रजा टाकलीय.
दुर्गीला म्हटलं, तुझ्या आईला सांग,
मी नेते.
मलाही दाखवायचंय.