वजन अंदाजे

शाहूपुरीतल्या त्या सहा मजली इमारतीला
गिलावा असा नाहीच.
उघड्या सिमेंटवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे;
चौथ्या मजल्यावर, विमा कचेरीच्या खिडकीखाली,
कुठल्याशा झाडाची गाठ
डोळ्यासारखी उमटून राहिलीय.
झाड जळणात गेलं असणार.
गाठ नोकरीला लागली.

इमारत खांबांवर उभी, खाली मोकळं.
त्या मोकळ्यात माझं टेबल, टायपरायटर,
मुद्रांकांची पत्र्याची पेटी,
आणि समोर फरसबंद चौकात
ते.

पाटीवर नाव आहे 'ऊर्ध्वगती'.
लोक म्हणतात वाकडा.
"वाकड्यापाशी थांब लगा, आलोच."
एकोणचाळीस वर्षं ऐकतोय.
आलोच म्हणणारे
कधी येतात, कधी नाही.

दुपारी चारला त्याची सावली
माझ्या कागदावर चढते.
मी थोडा सरकतो. तीही सरकते.
बोलणं असं कधी झालं नाही.

परवा इमारतीचे नवे मालक आले.
चारी बाजूंनी निळी काच बसवायची,
चौकात गाड्या लावायच्या.
"प्रतिज्ञापत्र करा.
निरुपयोगी बीड, अंदाजे अकराशे किलो,
भंगारात देण्यास हरकत नाही."
बोटं सवयीनं चालली.
'निरुपयोगी'तला रु नेहमीसारखा अडकला,
नखानं सोडवला.

बातमी उद्यमनगरात कशी पोचली कोण जाणे.
इलाही शिकलगार आला, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून.
ऐंशी पार. एका कानानं गेलेला.
त्यानंच ओतलेला हा;
तीन ओत फुटले, चौथा बसला.
बोटाच्या पेरानं ठोकत गेला,
वर, मग मध्ये, मग पोटाशी,
चांगला कान तिथं लावून.

"आत वाळू हाय अजून," हळूच म्हणाला.
"गाभा काढायचा राहिला.
उद्घाटनाची घाई, मंत्री यायचा होता.
कुणाला बोललो न्हाई."

चहा सांगितला, तर रोजा होता त्याचा.
बसला नुसता खांबाला टेकून,
फळीच्या ठशावरून अंगठा फिरवत.
मी विचारलं, किती असंल?
तो हसला.
"तवा मोजली न्हाई. आता कोण मोजतंय?"

कागद मशीनमध्येच होता.
'किलो'च्या पुढे थोडी जागा,
सावली तिथवर आलेली.
या खेपेला मी सरकलो नाही.
टाइप केलं:
वाळूसकट.