तिसऱ्या, वैनगंगेकाठी

उपकेंद्राच्या पायरीवर कौतिका दिघोरेनं
घमेलं टेकवलं. आत काळपट शिंपले,
तळहाताएवढे, चिखलाच्या वासाचे.
"सिस्टरबाई, हे पाहा, तुमच्या गावचं."

माझ्या गावचं नव्हतं ते.
आमची तिसरी बोटाच्या दोन पेरांएवढी,
पाठीवर नक्षी, प्रत्येकीची निराळी.
ओहोटीला आई अंगठ्यानं वाळू चाचपते,
दोन बारीक भोकं दिसली की तिथेच बसते.
एका नळीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर,
एवढ्यात तिचं जेवण, एवढ्यात श्वास.
डोकं नाही. एक पाय, जिभेसारखा.

"आमच्याईले बी एकच पाय रायते," कौतिका म्हणाली,
"पन हिचे पोट्टे मासोळीच्या कल्ल्यात वाढतेत.
बुढ्यानं दाखोले होते, मिठाच्या कनावानी.
मासोळी नेईल तिकडं त्याईचं गाव."

तिसरीची पोरं कुणाला धरत नाहीत.
काही दिवस नुसती पाण्यावर,
मग जिथे वाळू लागेल तिथे.
नेमणुकीचा कागद आला
तेव्हा मी नकाशात पवनी शोधली होती,
बोट किनाऱ्यावरून सरकवत, सरकवत.

रात्री शिंपले पाण्यात घातले. आई मूठभर मीठ टाकते,
त्या वाळू थुंकतात.
मी बरणी उघडली, तर कौतिकानं मनगट धरलं:
"मीठ नोका घालू बाई, मरतीन ना."

सकाळी तळाशी गाळ. लसूण, तिखट, वरून सांबार.
खोबरं नाही. खूप वेळ चावत राहिले.
"कसं लागते?"
"चिखलासारखं."
ती हसली, आणखी वाढलं.

टरफलं तिनं परत नेली:
दोन खरपुडी खरवडायला,
बाकीची भट्टीला, चुन्यासाठी.

तिसऱ्या दिवशी फुलवंतीचं बाळ, दीड किलोचं,
अंगावर ओढेना.
काढलेलं दूध चमच्यानं दिलं,
ओठांच्या कोपऱ्यातून सगळं मानेवर.
कौतिका घरी गेली, एक लहान शिंपला
चुलीवर खळखळ उकळून आणला.
"याची कडा पाहा. चमच्याले अशी धार नसते."

मी धरला. कडेवरून दूध उतरलं,
गळ्याची घाटी हलली.
पुन्हा.

नोंदवहीत लिहिलं: आईचं दूध, पंधरा मिली.
कशानं दिलं? वाटी, चमचा, नळी.
तिन्ही रकाने मी कोरे सोडले.