अस्तर

तोमोए-सान पिशवी घेऊन आली तेव्हा
काउंटरवर नऊ ब्लाउज, एक फॉलची साडी
आणि बाहेर सेंच्युरी बाजारच्या सिग्नलला हॉर्नचा कालवा.
तिने आधी रुमाल पसरला, मग त्यावर पिशवी ठेवली,
बाळ दुपट्यावर ठेवावं तशी.

मुठीएवढी. आत चहाच्या भुकटीची डबी असते म्हणे.
डबी मातीची, आणि तिला हा किनखाप!
आमच्याकडे चहाच्या बरणीला
झाकण घट्ट बसलं तरी पुष्कळ.

बोट फिरवलं. जर नव्हती.
कागदावर सोन्याचा वर्ख, त्याच्या केसाएवढ्या पट्ट्या
बाण्यात विणलेल्या.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
वेलीवरचं एक फूल झिजलेलं,
हात लागून लागून.

"आत फाटलंय," ती म्हणाली.
तिचं मराठी भाजीवालीकडून घेतलेलं,
मापाचं, वर दोन मिरच्या.

उसवलं, तर आतून निघालं दुसरंच कापड.
पातळ, तपकिरी, उभ्या रेघांचं.
"हे चाऊ. फार जुनं. जहाजाने आलेलं, तुमच्याकडून.
गावाचं नाव."
काउंटरच्या काचेवर तिने बोटाने अक्षर काढलं.
"लिहितो आम्ही असं. पहिलं अक्षर चहाचं."

चाऊ.
चौल?

मी सुई पिनकुशनमध्ये खोचली.
माझं आडनाव पटवेकरी.
चौलच्या पोफळींतून उठून आम्ही मुंबईत कधी आलो
कोण जाणे. घरात माग नाही, मागाची गोष्टही नाही.
एक धोटा आहे, दसऱ्याला हळदकुंकू लागतं त्याला,
एरवी मुलं विचारतही नाहीत हे काय म्हणून.

तिला सांगितलं नाही.
सांगून काय, रेघा माझ्या होणार होत्या?
रेघा काय, कोणीही विणतं.

नवं अस्तर नको म्हणाली, हेच सांधा.
दिवा खाली ओढून बसले मग,
तारेला तार लावत.
ब्लाउजवाल्या दोघी चिडून गेल्या.
रेशीम बोटांना ओळख देईना,
मग एकदम देऊ लागलं.
साडेसातला, रिकाम्या पोटी,
माणसाला काहीही वाटतं.

तिने दोरी ओवली, तिची ती गाठ मारली,
दुसऱ्या कोणी सोडली तर कळावं अशी.

पावतीवर लिहिलं:
अस्तर, हातशिलाई, ऐंशी रुपये.
एक तार उरली होती, करंगळीएवढी.
ती लिहिली नाही.