पेटी

किनवटच्या पुढं, घाट उतरताना डाव्या हाताला
सागाची जी पट्टी आहे, तिथला पाचोळा
सोनेराव पेंदोर घेऊन आले, दोन पिशव्या.
म्हणाले, मॅडम, पाचोळ्याला पोतं लागतंय,
तुम्ही तर भाजीच्या पिशव्या दिल्या.

नरसाळ्यात पाचोळा, वर चाळीसचा बल्ब,
खाली डबीत ओलं प्लास्टर. मला ते जिवंत हवे होते.
उजेड वरून वाळवत येतो,
जीव ओलीकडं, अंधाराकडं सरकतात
आणि सरकता सरकता पडतात.
दुपारी तीन तास वीज नव्हती.
तेवढा वेळ सगळे वाटेतच थांबले असतील,
पानाच्या शिरेवर, आपापल्या पायरीला.

रात्री डबीत मोजले:
कवची कोळी एकोणीस. भुंगेरा एक.

हा कोळी जाळं विणत नाही.
मोहरीच्या दाण्याचे चार तुकडे करा,
त्यातल्या एकाला आठ पाय लावा.
कुजलेलं पान खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
ब्रशच्या एका केसानं शिवलं
की पाय आत, डोकं खाली, झाकण बंद.
फट म्हणून नाही. सुईचं टोक घसरतं.
सोनेरावांनी डोळा लावला, बराच वेळ लावला.
"आमच्या मामीची पेटी अशीच.
मरेस्तोवर किल्ली दिली नाही कुणाला."

भुंगेरा राळ्याच्या दाण्याएवढा, तपकिरी,
अंगावर विरळ लव.
तो झाकणाकडं गेला नाही.
फट शोधली नाही, उलटंपालटं केलं नाही.
हनुवटी टेकवली फक्त.
खालच्या ओठापाशी त्याला चकत्या आहेत,
ऑटोच्या काचेला गणपती चिकटवतात तसल्या,
आणि तो गुळगुळीत गोळा, जो माझ्या चिमट्यात
एकदाही राहिला नव्हता,
त्याच्या तोंडाशी गप बसला.

मग खरवड.
एकाच जागी, जबड्याच्या टोकानं,
पातेल्याच्या बुडाला लागलेलं दूध काढावं तशी.

१०.४० खरवडणे चालू.
११.१५ चालू.
१२.०५ चालू.
'चालू' इतक्यांदा लिहिलं
की तो शब्द मला अनोळखी दिसू लागला.
आतल्याला काय कळत असेल?
कान नाहीत. भिंत तर थरथरत असणार.
त्याला एकच उत्तर येतं, बंद होणं,
मुंगीला तेच, गोमीला तेच,
आणि त्याच्या कितीतरी पिढ्यांना
तेवढं पुरलं होतं.

सोनेराव स्टुलावर पेंगत होते, मधेच म्हणाले,
"कुलूप नाही तोडलं आम्ही. मामीचा मान.
दिवस झाल्यावर पेटी पालथी घातली
आन् बुडातून गिरमिट चालवलं."
आत काय होतं?
"किल्ल्या. दोन्ही.
आन् एक चोळखण, घडी न मोडलेला."
थोडं थांबून,
"बाहेर मग कोणती जपत होती, कळलं नाही."

२.५० ला भोक पडलं.
सुईच्या टोकाहून लहान, गोल.
भुंगेऱ्यानं आत काहीतरी सोडलं, वाट पाहिली,
आणि प्यायला लागला.
बाहेरून काहीच बदललं नाही.
हे मी नोंदवहीत लिहिलं आणि खोडलं,
कारण ते निरीक्षण नव्हतं.
मग पुन्हा लिहिलं, कारण होतं.

सकाळी अठरा पेट्या उघडल्या होत्या.
पाय काढून, प्लास्टरवर बुरशी चरत,
रात्री त्यांच्यात काही घडलंच नव्हतं.
भुंगेरा पानाच्या तुकड्याखाली.
एकोणिसावी बंद. चकचकीत. झाकण जिथल्या तिथं.
मी जवळ वाकले, श्वास लागला,
आणि ती गडगडत डबीच्या कडेला गेली.

सोनेराव पाचोळा पिशवीत भरत होते, खाली बसून, मुठीमुठीनं.
म्हणाले, जाताना तिथंच ओतून येतो,
त्याच सागाखाली.
पिशव्या तेवढ्या तुम्हाला परत आणून देतो.