अर्धं सूत

जपानी साहेबाच्या हातचा कागद होता.
आडवं घर बावीस मिलिमीटर,
उभं तेवीस पूर्णांक सात.
भोसरीचा धायगुडे फिटर घेऊन आला,
कॅरिअरला शिवणीची फळी बांधलेली,
दांडीवर नऊ वर्षांची कालिंदी,
तिच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा.
डब्यात गोटे, काळे नि पांढरे.
साहेब देशी परतताना देऊन गेला.
पाट त्याच्या वडलांचा होता, तो नेला.

मी कागद पाहिला. म्हटलं, साहेब चुकला.
भवानी पेठेत तीस वर्षं गुण्या धरतोय,
चौरस कसा असतो ते मला ओसाकाहून कळायला नको.
घरामागे अर्धं सूत फरक होता,
तो काढून टाकला.
एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या,
कुठूनही मोजा.

पोरगी भुशात बसून बघत होती.
मी एक गोटा घेऊन घरात ठेवला.
‘तिथं नाही काका. रेघा कापतात तिथं.’
मग घरं कशाला आखली एवढी?
‘ती मिळवायची असतात.’

पुढचं तुकड्यातुकड्यानं कळलं.
धायगुडे यायचा, कधी खिडकीला पट्टी,
कधी नुसताच.
चौदाव्या वर्षी गेली. पीएफ काढला.
भाताला कंटाळली. मग कंटाळायची थांबली.
एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक झाली.
म्हणजे काय रे?
‘म्हणजे,’ तो म्हणाला, ‘हरली तरी पैसे मिळतात.
पण कमी.’

एका वर्षी पेपरात फोटो :
पुण्याची बुद्धिबळपटू जपानात विजयी.
आम्ही हसलो, कात्रण मशीनवर चिकटवलं.
फोटोत ती पाटाकडं बघत होती,
एक बोट हवेत.
तीन वर्षं बायकांचा किताब तिच्याकडं राहिला.
चौथ्या वर्षी सतरा वर्षांच्या मुलीनं नेला,
अर्ध्या गुणानं.
अर्धा गुण कसा असतो हे धायगुड्याला विचारायचं होतं,
पण तोवर तो गेला होता.

मागच्या मंगळवारी दुकानापाशी रिक्षा थांबली.
चष्मा, आखूड केस, पायात साध्या चपला.
पाट तिनं स्वतः उतरवला.
मधोमध तडा, हीटरपाशी राहिला म्हणाली.
मी हात फिरवला. रेघा अजून जागच्या जागी.

‘काका, एक सांगू? रागावू नका.
समोर बसून बघितलं की पाटाची लांबी आखडते.
म्हणून उभ्या घराला थोडं जास्त देतात,
बसणाऱ्याच्या डोळ्याला चौरस दिसावा म्हणून.
तुमच्या पाटावर मी पाच वर्षं शिकले.
तिकडं पहिलं वर्षभर सगळा डाव
लांब पळाल्यासारखा दिसायचा.
पलीकडचा कोपरा हाताला लागायचा नाही.’

शेजारी करवत चालू होती.
ती थांबेपर्यंत मी काही बोललो नाही.
मग विचारलं,
त्या अर्ध्या गुणात माझं अर्धं सूत होतं का?

तिनं वेळ घेतला. खरंच मोजत असावी.
‘नाही. एकशे त्रेचाळिसावी खेळी मी घाईत केली.’
आकडा पाठ होता तिला,
जसा आपल्याला एखाद्याच्या जाण्याचा दिवस असतो.

कर्वेनगरात एका हॉलवर अकरा पोरं येतात म्हणाली.
सहा पाट हवेत. ह्याची डागडुजी नको,
भिंतीला टेकवून ठेवीन.
‘आणि काका, या वेळी बरोबर काढा.
मला डोळे सरळ करायला फार वर्षं लागली.’

कागद आहे का, मी विचारलं.
तिनं पर्समधून काढला. तोच,
घडीवर फाटलेला, चिकटपट्टी पिवळी पडलेली.
उलटा केला तर मागे माझी पेन्सिल :
साहेब चुकला.

खोडलं नाही.
बावीस. तेवीस पूर्णांक सात.
कानावरची पेन्सिल काढून
टोक करायला बसलो.