खांबाच्या अलीकडे

सिनेमाचा नायक बावीस वर्षांचा
आणि त्याला हँडब्रेक ओढता येत नाही.
म्हणून माझ्या डोक्यावर त्याच्या केसांचा टोप,
अंगात त्याचं जाकीट, बाह्या आत दुमडून टाके घातलेले.
मी त्रेपन्न. हिवाळ्यात नगरपालिकेचा बर्फ-नांगर चालवते
याच घाटात, ताशी पंधराच्या वेगानं,
पिवळा दिवा फिरवत.

सातवं वळण. रात्रीचे दोन.
खाली कोबीची शेतं अंधारात बसलेली.
रस्त्यावर पाणी मारलंय, चकाकावा म्हणून;
ओला रस्ता पडद्यावर छान दिसतो म्हणे.
टायरला कुणी विचारलं नाही.

वाहतूक अडवायला लाल दांडकं घेऊन
मोरिशिगेसान उभे. पोलिसातून निवृत्त, आता रोजंदारीवर.
त्र्याण्णव साली अख्खा उन्हाळा
हा माणूस माझ्या मागे होता,
दर शनिवारी, सायरन लावून,
आणि दर शनिवारी याच वळणावर
माझ्या आरशातला त्याचा दिवा
तांदळाच्या दाण्याएवढा व्हायचा.

ॲक्शन.
क्लच, डावा हात, मागची चाकं सुटतात,
दरीकडे पाठ करून सिल्व्हिया
रुसल्यासारखी तोंड फिरवते.
काच भरून धूर. रबराचा तो वास,
जो आई माझ्या केसांतून तीन-तीनदा धुऊन काढायची
आणि वडिलांना काही सांगायची नाही.

सुरेख, दिग्दर्शक म्हणाला. अजून एकदा.
असं सहा वेळा सुरेख.
टायर बदलत होते तेव्हा मोरिशिगेसान खिडकीशी आले,
हेल्मेट काढलं, इकडेतिकडे पाहिलं.
"हल्ली लवकर ओढतेस," ते हळूच म्हणाले.
"तेव्हा आरशाच्या त्या केशरी खांबापर्यंत थांबायचीस."

सातव्यांदा मी थांबले.
खांबापर्यंत.
कुणीच सुरेख म्हटलं नाही.
जनरेटर तेवढा घरघरत राहिला.

पडद्यावर ते चार सेकंद दिसतं.
मग नायकाचा चेहरा, त्यावर शिंपडलेला घाम.

डिसेंबरात पहिला नांगर घेऊन घाटात गेले.
पात्याखालून डांबर उघडं पडत आलं
आणि त्यावर ती काळी कमान, अजून तशीच.
मी पातं हातभर वर उचललं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निनावी तक्रार:
सातव्या वळणावर बर्फ राहिलाय,
खांबाच्या जरासा अलीकडे.