उणे अठ्ठेचाळीस

ओवेस, आधी प्लग काढ.
मग घड्याळात बघून तीन मिनिटं नुसता बस.
मेलेल्या सप्लायच्या पोटातही थोडी धग राहते,
बोट लावलंस तर ती दाखवेल तुला
मेलं कोण ते.

रबाळ्याच्या ह्या गॅस्केटच्या कारखान्यात
सकाळी पावणेदहाला सगळे फोन गप्प झाले.
साहेब म्हणतात रात्री लाइट गेली होती, आली ती उसळूनच.
एमआयडीसीत लाइट अशीच येते,
रुसून गेलेल्या जावयासारखी,
दार आपटत.

कव्हर उघड. स्क्रू टोपणात ठेव, खिशात नको.
बघ, पाल.
उबेला आली असेल, ट्रान्सफॉर्मरला मिठी मारून वाळली.
तिच्यावर खापर फोडू नकोस, ती जुनी आहे.
आता परत प्लग लाव, हात मागे, मीटर धर.
बारा दाखवतोय?
खूश होऊ नकोस.
रिकाम्या हाताने बारा कुणीही दाखवतो.
एक कार्ड खोच. नऊ.
दुसरं खोच. साडेसहा.
(ह्यावरून माणसांबद्दल बोलायचं मी टाळतो,
माझा मेहुणा तुला माहीत आहे.)

प्लग काढ. परत तीन मिनिटं.
हा बघ गुन्हेगार, निळा, डोकं टम्म फुगलेला,
तव्यावरच्या भाकरीसारखा,
फक्त बुडाशी चिकट पाणी सुटलंय.
पंच्याऐंशी डिग्रीवाला. कुणीतरी स्वस्तात बसवला होता.
कुणीतरी म्हणजे मीच.
दोन हजार अकरा साल, वागळे इस्टेटच्या दुकानात तेवढेच होते,
आणि मुलीची फी भरायची होती.

ह्या जोडीला हात लावू नकोस, इथे उणे अठ्ठेचाळीस.
उणे म्हणजे कमी नाही, ओवेस.
टेलिफोनवाल्यांनी प्लस जमिनीत गाडला,
म्हणजे तांबं लवकर सडत नाही,
आणि ह्या उण्यावरच चाळीस टेबलांची
उणीदुणी चालली इतकी वर्षं.

नवा बसला. एकशे पाचचा. ह्या वेळी.
हिरवा दिवा लागतो, पंखा कण्हून फिरतो,
आणि डिस्प्लेवर काहीच नाही.
आतली नाण्याएवढी बॅटरी कधीच बसली होती;
यंत्र उठलं ते कोरी पाटी घेऊन,
कोण कुठे बसतं ते सगळं विसरून.
यादी? यादी कॉम्प्युटरवर.
कॉम्प्युटरवाला नेरुळला, मुलाच्या बारशाला.

आणि कुंदाताई मढवी, हेडसेट न काढता,
म्हणतात, लिहून घ्या.
दोनशे एक स्टोअर.
दोनशे दोन डिस्पॅच, घंटी मोठी ठेवा, शिंत्र्यांना ऐकू येत नाही.
दोनशे सात पेंट शॉप. म्हणजे होतं. आता तिथे खोकी आहेत,
पण नंबर राहू द्या, जुनी गिऱ्हाइकं तोच लावतात.
दोनशे चौदा पर्चेस, सहा घंट्यांनंतर माझ्याकडे वळवा,
ते उचलत नाहीत,
त्यांच्या वतीने खोटं मी बोलते.
दोनशे एकोणीस, बाहेरचा कॉल बंद.
का ते विचारू नका.

मी दाबत जातो. यंत्र शिकत जातं.
चाळीस नंबर,
एकदाही मागे येत नाहीत त्या.

आणि तुमचा, ताई?

थांबतात.
फोनवरची मराठी बाजूला ठेवून
घणसोलीच्या बोलीत म्हणतात,
मना कोन लावतंय?
नऊ दाबतात, झालं.

ओवेस, नऊ आधी टाक.

पहिला कॉल कँटीनला.
तीन चहा, एक बिनसाखरेचा,
आणि हो, सकाळी सांगितलेला तो कुठे अडकला?
तू बिल कर.
बॅटरीचे पन्नास लिही, येण्याजाण्याचे लिही.
कपॅसिटरचे लिहू नकोस.